जर्मनीतलं सेमिस्टर तिकीट: अख्खी पानगळ वापरून झाल्यावरचा अनुभव

सध्या सेमिस्टर ब्रेकमध्ये नागपूरला घरी आहे आणि जो भेटतो तो माझ्या कोर्सबद्दल कमी अन् "तिकडे फिरणं परवडते का, खाते काय तू" हेच जास्त विचारून राहिलाय. यावर्षी आपल्याकडून बरीच पोरं जाणार आहेत, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

मी आखेनला शिकते, पश्चिमेला बेल्जियम-नेदरलँड्सच्या बॉर्डरजवळ. सेमिस्टर तिकीट म्हणजे देशभर चालणाऱ्या जर्मनी तिकीट या महिन्याच्या पासचं स्टुडंटसाठीचं स्वस्त रूप. २०२५-२६ च्या हिवाळी सेमिस्टरला त्याचे महिन्याला ३४.८० युरो होते, म्हणजे सहा महिन्यांचे २०८.८०, आणि ते वेगळे भरायचे नसतात, सेमिस्टर फीमध्येच धरलेले असतात. हेच जर्मनी तिकीट बाकी लोकांना मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा ४९ युरोला होतं, जानेवारी २०२५ पासून ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. त्यात देशभरातल्या सगळ्या लोकल आणि रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, सिटी बस येतात. आयसीई, आयसी या फास्ट गाड्या चालत नाहीत. आणि हो, प्रत्येक युनिव्हर्सिटीत हे स्टुडंट तिकीट नसतं, अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी फीचा तपशील उघडून बघाच.

माझ्यासाठी या तिकिटाचा खरा फायदा स्वस्ताई नाही, निवांतपणा आहे. पैसे आधीच भरलेत, त्यामुळे एका दिवसात सगळं बघून पैसे वसूल करायचं टेन्शनच नसते, गाडीतून एखादं गाव आवडलं तर उतरायचं, सूप प्यायचं, नदीकाठी बसायचं, पुढच्या गाडीने निघायचं. कॉलेज ट्रिपमध्ये सकाळी सहाला बस, आठ पॉइंट अन् रात्री घरी, असं फिरायची सवय असलेल्या मला हे फार सुखाचं वाटलं.

सगळ्यात आवडता रूट सांगते. आखेनहून आरई१ या रिजनल गाडीने साधारण तासाभरात कोलोन, तिथून आरबी२६ ही दुसरी रिजनल गाडी, जी ऱ्हाईन नदीच्या पश्चिम काठाने थेट माईन्झपर्यंत जाते. जाताना डावीकडच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. कोब्लेंझच्या पुढे बिंगेनपर्यंतचा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून युनेस्को यादीत आहे, दोन्ही बाजूला डोंगरावर किल्ले अन् त्याखाली द्राक्षांचे मळे, ऑक्टोबरमध्ये ते पिवळे व्हायला लागतात आणि ऊन पडलं की बघतच राहावंसं वाटते. लोरेलायचा १३२ मीटरचा खडक पलीकडच्या काठावर दिसतो. मी बाखाराखला उतरायची, तिथे १३६८ सालचं एक लाकडी चौकटीचं घर आजही उभं आहे, मळ्यांतून वर चढायला पायवाट आहे आणि खाली आल्यावर भूक अशी लागते की विचारू नका.

दिवाळीच्या सुमारास अमरावतीच्या मैत्रिणीसोबत मोझेल नदीकडे गेली होती. कोब्लेंझहून ट्रियरची गाडी, कोखेम गेलं की चार किलोमीटरच्या वर लांब बोगदा लागतो अन् बाहेर निघताच गाडी नदीवरच्या पुलावर. आईने पाठवलेले शंकरपाळे आणि चकल्या गाडीतच संपवल्या आम्ही. ट्रियरला रोमन काळातलं पोर्टा निग्रा हे वेशीचं दार बघितलं, आणि तिथून पुढे लक्झेंबर्ग जवळ आहे, बॉर्डरपर्यंत आपलं तिकीट अन् तिकडे तर २०२० पासून सगळ्यांनाच बस-ट्रेन फुकट, सेकंड क्लासला.

आता खाणं, कारण खरं सांगायचं तर मी अर्ध्या ट्रिपा खाण्यासाठीच केल्या. पानगळीत द्राक्षाच्या पट्ट्यात फेडरवायसर मिळते, अर्धवट आंबलेला द्राक्षरस, बाटलीत पण आंबणं चालूच असते म्हणून बूच घट्ट बसवत नाहीत. बाटली उभीच धरायची, बॅगेत आडवी टाकू नका. गोड लागते पण दारू आहे हे लक्षात असू द्या. त्यासोबत गरम कांद्याचा केक, त्स्विबेलकुखन म्हणतात, खारा असतो, त्यात बरेचदा बेकन असते तर शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं. कोलोनकडे राईबेकुखन, किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत वडे, सफरचंदाच्या गोड गरासोबत देतात, मला तर याच्यासोबत ठेचाच पाहिजे होता, पण तसेही भारी लागतात. नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या सणाच्या वेळी पोरं कंदील घेऊन मिरवणूक काढतात अन् बेकरीत माणसाच्या आकाराचा गोडसर पाव मिळतो, वेकमान, हातात मातीचा छोटा पाईप असतो त्याच्या.

मोनशाऊला नक्की जा, आखेनहून थेट बस आहे, तीही तिकिटात. आयफेलच्या डोंगरात रुर नदीकाठचं जुनं गाव, १८८२ पासूनची मोहरीची गिरणी आहे तिथे आणि गावात मोहरीचं सूप मिळते. बाहेर धुकं, हात गारठलेले, आणि नाकात जाणारा तो झणका! सावजीची सवय असलेल्या जिभेला जर्मनीत पहिल्यांदा तिथे समाधान मिळालं.

रोजचं जेवण मेन्सात, म्हणजे कॉलेज कँटीन. मसूर किंवा मटारचा आइनटोफ आपल्या घट्ट वरणासारखा असतो, सोबत पाव, पोट दुपारभर भरलेलं राहते. रूमवर होक्काइडो भोपळा आणायची, त्याची साल काढायची गरजच नाही, भाजीसोबत घारगेपण केले, शेजारच्या इराणी मुलीने पहिल्याच दिवशी रेसिपी मागितली.

त्रास पण सांगते. गाड्या उशिरा येतात, कधी रद्दच होतात, तर दोनदा गाडी बदलायची असेल तर मध्ये वेळ ठेवा आणि शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका. तिकीट फोनमध्ये असते, सोबत ओळखपत्र लागते, पॉवरबँक ठेवाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, नोव्हेंबरअखेर साडेचारलाच अंधार, म्हणून सकाळी लवकर निघायचं. रविवारी सुपरमार्केट बंद असतात अन् छोट्या गावांतली बरीच हॉटेलं दुपारी दोननंतर किचन बंद करतात, थेट संध्याकाळी उघडतात, म्हणून मी आधी जेवायची मग फिरायची. रिकामी पाण्याची बाटली फेकू नका, मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात.

ज्यांना बर्लिन-म्युनिक पटकन गाठायचंय त्यांनी फास्ट गाडीचं तिकीट वेगळं आणि आधीच काढावं, या तिकिटाच्या गाड्यांनी त्यांचा पूर्ण दिवस जाईल. बाकी स्टुडंट असाल आणि खिडकीत बसायला आवडत असेल तर हे तिकीट डोळे मिटून घ्या. मी पुढच्या सेमिस्टरची फी इथूनच भरली. सप्टेंबरच्या सुट्टीत, लेक्चर सुरू व्हायच्या आधी, मोझेलचा उरलेला काठ करायचाय, कोणी येणार असेल तर कळवा, ठेचा मी आणते.