खाचेचा टंगस्टन मणी आणि जिग गळ: वजनदार निम्फसाठी ही जोडी कितपत कामाची?

ट्राउटचं बहुतांश खाणं पाण्याखाली, तळालगत चालतं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या किड्यांची पाण्यातली पिल्लं दगडगोट्यांना धरून वाढतात आणि पकड सुटली की प्रवाहाबरोबर तळानेच वाहत जातात. त्यांची नक्कल करणारी निम्फ, म्हणजे गळावर धागा, पिसं, लोकर बांधून केलेला खोटा किडा, तिथवर पोचलीच नाही, तर बांधणी कितीही देखणी असो, मासा तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. खाच पाडलेला टंगस्टन मणी आणि डोळ्याशी, म्हणजे दोरी बांधायच्या भोकाशी, ६० अंशांत वाकवलेला जिग गळ ही जोडी नेमकी याच कामासाठी आहे. निकाल आधीच सांगायचा तर गुडघ्याहून खोल, वेगवान पाण्यात तिला तोड नाही. उथळ, संथ पाण्यात मात्र ती नडते.

आधी मणी. शुद्ध टंगस्टन पाण्याच्या १९.३ पट जड, शिसं ११.३ पट, पितळ साधारण ८.५ पट. बाजारातले मणी शुद्ध टंगस्टनचे नसतात, भुकटी दाबून भाजताना त्यात दुसरा धातू मिसळलेला असतो. तरीही त्याच मापाच्या पितळी मण्याच्या दुप्पट वजन सहज भरतं. शिसं विषारी आहे, अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये तर शिशाचं मासेमारी साहित्य चालतच नाही. त्यामुळे टंगस्टन महाग पडला तरी त्याची निवड योग्यच. फ्लाय म्हणजे असा बांधलेला खोटा किडा, निम्फ हा त्याचाच एक प्रकार. आंतरराष्ट्रीय फ्लाय स्पर्धांमध्ये लीडरवर, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांमधल्या बारीक दोरीवर, वेगळं वजन लावायला मनाई आहे, सगळा भार फ्लायच्या आतच हवा. चेक, फ्रेंच, स्पॅनिश पद्धतीच्या निम्फ इतक्या जड आणि इतक्या सडपातळ का, याचं उत्तर बरंचसं या नियमात आहे.

खरेदी करताना रंगांपेक्षा मापांकडे लक्ष द्या. मण्याचा व्यास थोडा वाढला तरी वजन घनाच्या हिशेबानं वाढतं. २.८ मिमीवरून ३.३ मिमीवर गेलात तर फरक फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, पण वजन सुमारे १.६ पट. २.५ वरून थेट ३.३ वर गेलात तर २.३ पट. म्हणजे पाच रंगांचा एकाच मापाचा संच घेण्यापेक्षा एकाच रंगात २.५, २.८ आणि ३.३ घेणं कितीतरी शहाणपणाचं. १६ नंबरच्या गळाला २.५, १४ ला २.८ किंवा ३.३, १२ ला ३.३ ते ३.८ असं ढोबळ गणित (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). १४ च्या गळावर ३.८ चा मणी चढतो, पण गळाचा जबडा, म्हणजे टोक आणि दांडीमधली फट, झाकतो, आणि मासा तोंडात घेऊनही अडकत नाही. मणी खरंच टंगस्टनचे आहेत का याची शंका आली तर त्याच मापाचे २० पितळी आणि २० नवे मणी छोट्या काट्यावर तोलून पाहा. वजनं जवळपास सारखी आली तर पाकीट परत करा. रंगवलेल्या मण्यांचा रंग दगडांवर घासून उडतो. तांबूस, काळा आणि चंदेरी पुरेसे आहेत.

आता बांधणी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधी चिमट्यानं दाबून सपाट करा, नाहीतर मणी त्याच्यावरच अडतो. गळाचं टोक मण्याच्या लहान, गोल भोकातून आधी घाला म्हणजे खाच मागे राहते. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे बांधणीच्या शिकंज्यात, टोक खाली करून बसवला की खाचही खाली, टोकाच्या बाजूला यायला हवी. मग मणी वाकावर घट्ट बसतो, त्याचा जास्त भाग दांडीच्या वरच्या अंगाला राहतो आणि पाण्यात तेच अंग खाली जाऊन टोक वर होतं. खाच चुकीच्या बाजूला वळली तर मणी डुगडुगतो आणि त्याची कड धागा कापते. या जोडीतली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

०.३८ मिमीच्या बिनशिशाच्या तारेचे सहा-सात वेढे दांडीवर देऊन ते पुढे मण्याच्या पोटात ढकला. वजन वाढतं हा वरचा फायदा, तारेचं खरं काम मणी जागेवर जखडण्याचं. मागे बारीक, ७० डेनियर धाग्यानं उतार करून घ्या. शेपटीला कोक द लिऑन कोंबड्याचे पाच-सहा तंतू, लांबी दांडीएवढी. त्यानंतर बारीक तांब्याची तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू बांधा. तंतू पुढे गुंडाळत न्या आणि तार उलट दिशेनं पाच वेढ्यांत त्यांच्यावरून आणा. तार त्याच दिशेनं नेली तर ती तंतूंच्या खोबणीत शिरते आणि ट्राउटचे दात दुसऱ्या-तिसऱ्या माशालाच अंग उसवतात. मण्यामागे सशाच्या लोकरीचे दोन सैल वेढे, मग भडक नारिंगी धाग्याचे तीन-चार वेढे, शेवटची गाठ (व्हिप फिनिश) दोनदा, वर वार्निशचा टाचणीभर थेंब. लोकर जास्त झाली की निम्फ छत्रीसारखी तरंगत उतरते, मण्याला मोजलेले पैसे लोकरीत बुडतात. म्हणूनच पेर्दिगोन नावाच्या स्पॅनिश निम्फला लोकर नसतेच, नुसतं गुळगुळीत अंग आणि वर रेझिन.

पाण्यात तिची परीक्षा घ्यायची तर १० ते ११ फुटी, ३ नंबरचा (हलक्या दोरीचा) रॉड, लांब लीडर, त्यात साइटर, म्हणजे नजर ठेवायला दोरीचा रंगीत तुकडा, आणि खाली ०.१५ मिमी म्हणजे ५ एक्स जाडीचं टिपेट, लीडरचं शेवटचं बारीक टोक. जाड टिपेटवर प्रवाहाचा जोर जास्त बसतो, निम्फ उचलली जाते आणि मग लोक विनाकारण मोठा मणी लावतात. प्रवाहाच्या वरच्या बाजूला फेका, फेकीच्या शेवटी रॉड थांबवा म्हणजे निम्फ दोरीआधी पाण्यात शिरते. लगेच सैल दोरी गोळा करा. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, त्यामुळे साइटर पृष्ठभागावरच्या बुडबुड्यांपेक्षा हळू सरकत असेल तर निम्फ योग्य थरात आहे. तो बुडबुड्यांच्या वेगानं पळाला तर निम्फ अधांतरी आहे. दर फेकीला तळ लागत असेल तर मणी एक माप लहान करा, दहा फेकींत एकदाही लागत नसेल तर मोठा. नमुना बदलण्याआधी वजन बदला. साइटर थबकला किंवा कचकन खाली गेला की मनगटानं हलकेच उचला.

तक्रारी दोन. टोक वर राहिल्यानं अडकणं कमी होतं, थांबत नाही. मोठ्या गोट्यांच्या फटीत खुद्द मणीच पाचरीसारखा बसतो. आणि २ मिमीचा मणी घनदाट अंगाच्या निम्फला उलटवू शकत नाही, तिथे जिग गळाचा उपयोग नावापुरता. जड मण्याची निम्फ हवेत पुढे-मागे झुलवत बसू नका. मणी रॉडवर आपटला तर ग्राफाइटला न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच मोडतो. चष्मा घातल्याशिवाय तर फेकूच नका.

उथळ, नितळ पाण्यासाठी वेगळा डबा ठेवा. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये एव्हन नदीचे रिव्हरकीपर, म्हणजे नदीची देखभाल करणारे, फ्रँक सॉयर यांनी फेझंट टेल निम्फ धाग्याविना, निव्वळ तांब्याच्या तारेवर बांधली. तीच तार बांधणीची आणि तीच वजनाची. घोट्याएवढ्या पाण्यात टंगस्टनचा मणी टपकन वाजतो आणि मासे पांगतात, तिथे ती तारेची निम्फ आजही सरस आहे.

घरी परतल्यावर डबा उघडा ठेवून निम्फ पूर्ण वाळू द्या. मण्याच्या पोटात पाणी साचून राहतं आणि गंज नेमका वाकाजवळ, न दिसणाऱ्या जागी धरतो.