प्रवासाच्या साधनाची निवड: किमान खर्चाचे प्रारूप की लॉजिट?

नाशिक रोडहून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी व्यक्ती सिटीलिंकची बस धरेल, शेअर रिक्षात बसेल की स्वतःची दुचाकी काढेल, यावर शहराची पेट्रोल, सीएनजी आणि विजेची मागणी बऱ्याच अंशी ठरते.

या निवडीचा अंदाज दोन प्रकारच्या गणिती प्रारूपांनी (मॉडेलांनी) बांधता येतो. टाइम्स (TIMES) या ऊर्जा-नियोजनाच्या संगणकीय प्रारूपासारखी किमान खर्चाची प्रारूपे संपूर्ण ऊर्जाव्यवस्थेचा एकूण खर्च सर्वांत कमी ठेवणारी मांडणी शोधतात. वीजनिर्मितीपासून चार्जिंगपर्यंतची साखळी त्यांत एकत्र दिसते. मात्र प्रति प्रवासी-किलोमीटर बस किंचित जरी स्वस्त ठरली, तरी प्रवासवेळेची किंवा क्षमतेची बंधने न घातल्यास ते प्रारूप सगळ्यांनाच बसमध्ये बसवते.

लॉजिट प्रारूप, ज्याच्या सैद्धांतिक पायाभरणीसाठी डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता देते. थांब्यापर्यंतची पायपीट, बसची वाट पाहण्यात गेलेला वेळ, सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) गाडी बदलण्याचा त्रास आणि भर पावसात दुचाकी चालवण्याची गैरसोय हे सारे उपयुक्ततेच्या, म्हणजे तो पर्याय प्रवाशाला किती सोयीचा वाटतो याच्या, गणितात येते. दोन पर्यायांच्या उपयुक्ततेत १ एककाचा फरक असेल, तर वाटणी सुमारे ७३ आणि २७ टक्के होते, १०० आणि ० नव्हे. त्यासाठी घरोघरच्या प्रवासाचे सर्वेक्षण लागते, आणि वीज कोठून येणार हे लॉजिट सांगत नाही.

माझ्या मते नाशिकसाठी साधनांची वाटणी आधी लॉजिटने काढावी, मग ती मागणी टाइम्सला द्यावी आणि तेथून आलेले इंधनदर पुन्हा लॉजिटमध्ये घालून दोन्हींची उत्तरे जुळेपर्यंत फेऱ्या कराव्यात.