आरसी ३९० ला अपोलो अल्फा एच १: एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम काढल्यानंतर

नवीन टायर लावून आठवड्याभरात लिहिलेल्या अनुभवांवर माझा विश्वास बसत नाही. टायर बदलला की जो तो म्हणतो, गाडी लोण्यासारखी वळते. वळणारच. आदल्या दिवशीपर्यंत तो मधोमध चपट्या झालेल्या टायरवर फिरत असतो. त्या जागी कुठल्याही कंपनीचं गोल, ताजं रबर आलं की फरक पडतोच, आणि त्याचं सगळं श्रेय कंपनीच्या नावावर जमा होतं. खरा हिशोब लागतो तो नवा टायरही मधून झिजायला लागल्यावर. माझे आता तिथे पोचलेत.

गाडी २०१७ ची केटीएम आरसी ३९०, पोटाखालचा सायलेन्सर जाऊन बाजूला आला ते मॉडेल. मूळ टायर मेट्झेलर स्पोर्टेक एम ५. पुढे ११०/७०, मागे १५०/६० (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते), दोन्ही सतरा इंची. अल्फा एच १ ची जोडी लावली २०२५ च्या मे अखेरीस, आणि तेव्हापासून दहा हजारांच्या आसपास किलोमीटर झालेत. रोजचं पुणे ते चाकण (गाडी जिथे बनली तिथेच तिला रोज कामाला नेतो), महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी कराडकडे गावी, आणि जमेल तेव्हा ताम्हिणी, पसरणी, उघडा असला तर वरंध. ट्रॅकवर मी जात नाही. गुडघा रस्त्याला टेकवायची हौस असलेल्यांनी पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचावं.

एम ५ परत का घेतला नाही, हा प्रश्न आमच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी आला. टायर म्हणून त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट पुढच्या चाकाखाली रस्ता कसा आहे हे तो हातात आणून द्यायचा. अडचण मिळण्याची. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे आणायचे तर परवाना हवा. बाहेरचे टायर बाजारात असतात, नाही असं नाही. पण आपल्याला हवा तो, आपल्या साइझमध्ये, ताज्या तारखेचा आणि पुढचा-मागचा एकदम, असं जुळून यायला नशीब लागतं. आणि जुळून आलं तरी किंमत देशी जोडीच्या दीडपट सहज.

तारखेचं जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. एका दुकानात मला परदेशी मागचा टायर दाखवला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पॉलिश मारून काळाकुळकुळीत. या बाजूला आकडेच नव्हते. उलटा करायला सांगितला तर पोऱ्या मालकाकडे बघायला लागला. उलटा केला, तारीख चार वर्षांपूर्वीची. मालक म्हणाला, “वापरलेला थोडीच आहे साहेब, नवाच आहे.” सावलीत नीट ठेवलेला टायर वर्षभर जुना असला तर मी घेईन. चार वर्षांचा, आणि तोही शटरजवळ उन्हात रचलेल्या थप्पीतला, फुकट दिला तरी नको.

मग देशी. या साइझमध्ये आता बऱ्यापैकी निवड आहे: एमआरएफचा स्टील ब्रेस, टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, अपोलोचा अल्फा एच १. तिघांपैकी अपोलोची पुढची-मागची जोडी काही महिन्यांच्या तारखेची आणि लगेच हातात मिळत होती, हे माझ्या निवडीचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं त्याच्या बांधणीत. हा स्टीलचा रेडियल आहे. रेडियलमध्ये आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात आणि यात त्यावर, रस्ता तुडवणाऱ्या भागाखाली, स्टीलची तार टायरच्या घेराबरोबर गोल गुंडाळलेली असते. बाजू मऊ राहते, माथा ताठ राहतो. साध्या बायस टायरमध्ये धागे तिरके, एकावर एक फुली मारल्यासारखे, त्यामुळे बाजू आणि माथा एकत्र दबतात आणि टायर तापतोही जास्त. १५०/६० मध्ये स्वस्त बायस टायर मिळतात, आणि “मागे बायस टाका, पुढचा रेडियल राहू दे” असा सल्ला देणारेही मिळतात. ही खिचडी करू नका. दोन्ही टोकांनी गाडी वेगवेगळं वागायला लागते.

आता “एच की डब्ल्यू” हा वाद. टायरवरचं हे अक्षर तो किती वेगापर्यंत चालतो ते सांगतं. मूळ टायरवर डब्ल्यू, म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. अल्फावर एच, म्हणजे २१०. कागदावर ही उतरण आहे हे खरं. पण आरसी ३९० सगळं पणाला लावूनही १७० च्या आगेमागेच थांबते, आणि पुणे–सातारा रस्त्यावर तो आकडा गाठायचा विचार करणाऱ्याला टायरपेक्षा इतर गोष्टींची गरज आहे. वजनाचा आकडा मात्र सोडू नये: पुढे ५४ (२१२ किलो), मागे ६६ (३०० किलो). तो जुळतोय ना ते बघून घ्या.

मागे जाड टायर लावायचा मोह असेल त्यांच्यासाठी. आरसीची मागची रिम चार इंची. तिच्यावर १६० बसतो, अनेकांनी बसवलाय, पण कडा आत ओढल्या जाऊन माथा टोकदार होतो. दिसायला रुंद, रस्त्यावर टेकतो तेवढाच किंवा त्याहून कमी. उलट बाजूला पैसे वाचवायला १४०/७० लावणारे. त्याची बाजू ९८ मिलिमीटर उंच, १५०/६० ची ९०. म्हणजे गाडीचं ढुंगण आठ मिलिमीटरने वर आणि चाकाचा एकूण व्यास सोळाने मोठा. आधीच मनगटावर भार देणारी गाडी आणखी पुढे झुकवायची कशाला?

फिटिंग मशिनवरच करून घ्या. पहारी लावून टायर काढणाऱ्याकडे अलॉयची कड शंभर टक्के ओरखडणार. मी समोर उभा राहिलो. कडेला साबणाचं पाणी, मग हवा, आणि दोनदा ‘ठप्प’ असा आवाज आला की कडा बसल्या. व्हॉल्व नवीन टाकून घेतला. पुढचा टायर बसवताना पोऱ्याने हाक मारली, “दादा, नक्षी उलटी दिसतेय.” मागच्याशी ताडून बघितलं तर नक्षीची दिशा खरंच उलटी वाटते. टायरवरचा फिरण्याची दिशा दाखवणारा बाण मात्र बरोबर होता. पुढच्या चाकावर मोठा जोर ब्रेकचा येतो, मागच्यावर इंजिनचा, दोन्ही विरुद्ध दिशेने, म्हणून असं असू शकतं. नक्षी बघायची नाही, बाण बघायचा. बॅलन्सिंगसकट बिल अकरा हजारांच्या पुढे गेलं. तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, तेव्हा आता घेणाऱ्यांनी जुन्या किमती ऐकून घेऊ नयेत.

पहिले दीड-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवली. साच्यातून निघालेल्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासून गेल्याशिवाय पकड येत नाही. मधला भाग दोन दिवसांत मळकट होतो, कडा चकचकीतच राहतात, आणि पहिल्या घाटात माणूस फसतो तो त्या कडांवर. तिरकी करायची ती रोज थोडी थोडी.

आणि लगेच पाऊस.

ताम्हिणीत भर पावसात गेलो. मुळशी धरण सोडलं की रस्त्यावर पाणी आडवं वाहतं, झाडाखाली हिरवट शेवाळ, वळणावर धबधब्याचं पाणी आणि धबधब्याइतकीच माणसं. अशा रस्त्यावर मी पुढच्या ब्रेकवर किती भरवसा ठेवतो यावरून टायर जोखतो. दोनतीन फेऱ्यांनंतर नुसत्या पाण्यावर हात आपोआप सैल पडायला लागले. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) धडधडला तो ब्रेक दाबतानाच खालच्या गिअरला पटकन आल्यावर किंवा पांढऱ्या पट्ट्यांवर. त्या रंगाच्या जाड पट्ट्यांवर कुठलाही टायर पाय सोडतो. शेवाळावरही तेच. “शेवाळावर पण पकडतो” असं कुणी लिहिलं तर पुढचं वाचू नका.

एम ५ शी तुलना केली तर पावसात अल्फा मला जास्त निवांत वाटला. कोरड्यात चित्र पालटतं. एम ५ नुसत्या नजरेने वळायचा, अल्फाला हँडलला स्पष्ट सांगावं लागतं. पसरणीची एकामागून एक उलटसुलट वळणं घेताना हे जाणवतं. डावीकडून उजवीकडे लोळवायला खांद्यातून थोडा जास्त जोर लागतो. एकदा कलली की मात्र रेषा सोडत नाही. माझ्या वयाला हे चालतं. पंचविशीत असतो तर कुरकुर केली असती.

खरी परीक्षा घेतली उसाने. दिवाळीनंतर कराड पट्ट्यात कारखाने सुरू झाले की रस्त्याचं रूपच बदलतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवे नाहीत, रस्त्यावर पडलेल्या मोळ्या, चाकांखाली चिरडलेल्या कांड्यांचा चिकट रस, आणि शेतातून रस्त्यावर चढताना ट्रॅक्टरने आणलेला काळा चिखल. सकाळी त्यावर दव. हे मिश्रण मला पावसापेक्षा वाईट वाटतं, कारण डांबर कोरडं दिसतं. एकदा संध्याकाळी वळणावर अख्खा ऊस चाकाखाली आला, पुढचं टोक हातभर सरकलं आणि सावरलं. टायरने वाचवलं असं मी म्हणणार नाही; वेग चाळीसचा होता, त्याने वाचवलं. पण थंडीच्या सकाळी हे रबर लाकडासारखं कडक पडत नाही, पाच-सहा किलोमीटरनंतर नीट बोलायला लागतं, हे त्याच हंगामात कळलं.

आता झीज. एक्स्प्रेस वे आणि समृद्धी दोन्हीकडे दुचाकीला बंदी, तरी टायर मधून सपाट व्हायला पुणे–कोल्हापूर हायवे पुरेसा आहे. सात हजारांपर्यंत काही कळलं नाही. नंतर एके दिवशी खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना, पुढच्या त्या एस वळणावर, गाडी कलायला आधी अडली आणि मग जराशी धपकन खाली गेली. सपाट पट्ट्याची कड ओलांडली जाते तो क्षण. घरी येऊन टायरवर तळहात आडवा फिरवला तर ती कड बोटांना लागली. डोळ्यांना अजून दिसत नव्हती. अर्थात झिजवला तो माझ्या सरळ रस्त्यांनी. पण उपयोगाची गोष्ट ही की कड लागायला लागल्यावरही गाडीचं वागणं बिचकवणारं झालेलं नाही. मूळ टायर या टप्प्याला आल्यावर हायवेवर ट्रकला ओलांडताना हँडल हलकं डोलायचं. इथे ते नाही. मी पैसे दिले ते या टप्प्यासाठी, पहिल्या आठवड्यासाठी नाही.

पुढच्या टायरची उजवी बाजू डावीपेक्षा किंचित जास्त झिजली आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण लांब पडतं आणि डावं आखूड. गाडी वाकडी झालीय का म्हणून फोर्क तपासायला धावू नका.

हवेचं सांगितलं नाही तर वरचं सगळं फुकट. एकटा असताना मी पुढे २९, मागे ३० पीएसआय ठेवतो, मागे कोणी बसणार असेल तर मागचं ३२. सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरचा मुलगा न विचारता ३५-३८ भरतो, कारण चारचाकीला तेच भरतो. एप्रिलच्या उन्हात तासभर चालवून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय वाढलेलंच असतं. ते बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर चालणार. मी खिशातलं गेज घेतल्यापासून खड्ड्यांतले अर्धे दणके कमी झाले, आणि त्याचं श्रेयही आधी टायरलाच देऊन बसलो असतो.

पंक्चर एकदाच, चाकणला, मधोमध खिळा. तिथे बाहेरून रबरी स्ट्रिप टाकून घरी आलो आणि नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घेतला. खिळा टायरच्या खांद्यावर, म्हणजे माथा आणि बाजू मिळतात तिथे, असता तर टायर काढूनच टाकला असता.

ट्रॅकवर जाणाऱ्याने किंवा दर रविवारी पहाटे घाटात घड्याळ लावून जाणाऱ्याने थोडे जास्त पैसे घालून पिरेलीच्या रोसोसारखा मऊ टायर शोधावा, तारीख ताजी असेल तरच. माझ्यासारख्या ऑफिस, हायवे आणि ओला घाट असं सगळं एकाच जोडीवर करणाऱ्याला अल्फा सांगेन.

मागच्याच्या खाचांमधले झीज दाखवणारे उंचवटे अजून खाली आहेत, उन्हाळा सहज निघेल. पण पावसाळा त्याच्यावर काढायचा नाही. मे महिन्यात मागचा बदलणार, हाच घेणार. पुढचा अजून एक हंगाम जाईल.