‘डोळे थांबवून देतो’ म्हणाला आणि ७६ हजार घेऊन गेला

बाळ दीड महिन्याचं होतं. आई म्हणाली, ‘ह्याची बुबुळं नाचतात बघ.’ पाळण्यासारखी, डावी-उजवी, सारखी. मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा चांगलाय, गडबड आत आहे. एमआरआयनंतर नाव कळलं : पेलिझेउस-मर्झबाखर. वायरीवर प्लास्टिक असतं तसं मेंदूतल्या तंतूंवर मायलिन असतं, ते ह्या आजारात नीट तयारच होत नाही. बरं करणारं औषध नाही. जीनची तपासणी मात्र करून घ्या, म्हणाले.

‘औषध नाही’ ऐकून घरी कोण बसतं? सात रस्त्याजवळ एक जण ‘परदेशी थेंब’ देतो असं कळलं. आवरण भरून येतं म्हणे. ३८ हजारांचा एक कोर्स, असे दोन घेतले. बायकोचं गंठण मोडलं. पावती मागितली तर म्हणतो, ‘दादा, मग जीएसटी पडंल.’

त्याची खरी करामत व्हिडिओत होती. पहिल्या व्हिडिओत बाळ समोर बघतंय, डोळे हलताहेत. दुसऱ्यात त्यानं बाळाची हनुवटी धरून मान डावीकडं वळवली आणि उजवीकडं खुळखुळा धरला. डोळे जवळजवळ शांत! आम्ही दोघंही रडलो. असे डोळे हलणाऱ्या बऱ्याच मुलांना एक कोन सापडतो, तिथं नजर जरा ठरते, हे नंतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावलं. ह्या आजारात वय वाढेल तसं ते हलणं आपोआप कमीही होऊ शकतं. बाळ अजून मानच धरत नव्हतं, ते आम्ही बघितलंच नाही.

फ्रीजमधल्या ओलीनं एकदा बाटलीचं लेबल सुटलं. खाली दुसरं निघालं : कोरड्या डोळ्यांचे साधे थेंब, १४० रुपये.

पैशाचं जाऊ द्या. ‘हे रक्तातलं नाही, गर्मीचं आहे,’ ह्या त्याच्या एका वाक्यावर आम्ही जीनची तपासणी सोडून दिली. मग एका संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्या थोरल्याचेही डोळे असेच नाचायचे.’ तो दोन वर्षांचा होऊन गेला. दोष एक्स गुणसूत्रावरच्या पीएलपी१ जीनमध्ये असतो. आई सहसा धडधाकट असते, पण दोष तिच्यात असेल तर प्रत्येक मुलग्याला तो जाण्याची शक्यता निम्मी.

अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज दिलाय. त्या खोलीला आता कुलूप आहे. बाळाचं आणि बायकोचं रक्त गेल्या सोमवारी तपासणीला गेलं. घरातला दोष नेमका कळला, तरच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. मेव्हणीला चौथा महिना लागलाय.