अध्यक्ष की जनरल मॅनेजर: आइस हॉकी संघात शब्द कुणाचा चालतो?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या न्यू जर्सी डेव्हिल्समध्ये हा प्रश्नच नव्हता. 1987 पासून 2015 पर्यंत अध्यक्षही लू लॅमोरिएलो आणि जनरल मॅनेजरही तेच. 2007 मध्ये साखळीतले तीन सामने उरले असताना, संघ गटात अव्वल असूनही, त्यांनी प्रशिक्षक क्लोद ज्युलियन यांना काढलं आणि ती जबाबदारी स्वतःच घेतली. 1995, 2000 आणि 2003 चे स्टॅनले कप (लीगची विजेतेपदं) याच एकहाती कारभारातले.

त्याच लीगमधल्या टोरोंटो मेपल लीफ्समध्ये खुर्च्या दोन होत्या. खेळाडूंचे करार, अदलाबदल जनरल मॅनेजर काइल डुबस पाहायचे. वर अध्यक्ष होते ब्रेंडन शानाहान. 2023 मध्ये संघानं 2004 नंतरची पहिली प्लेऑफ (बाद फेरीतली) मालिका जिंकली, तरी डुबसना जावं लागलं. मला पहिली पद्धतच पटते: चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे चाहत्याला ठाऊक असतं. डुबस पिट्सबर्गच्या संघात अध्यक्ष म्हणून गेले आणि काही महिन्यांतच जनरल मॅनेजरपदही त्यांनी स्वतःकडे घेतलं.