औडेनार्डेचा निळा लूप: उंची नाही, तरी दिवसभर दमवतो

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. रोड सायकल बऱ्यापैकी चालवता येत असेल आणि बेल्जियमला पोचायची सोय असेल, तर एक अख्खा दिवस औडेनार्डेला द्या. माझ्याकडून पाचापैकी साडेचार. अर्धा गुण कुठे गेला तेही येईलच.

औडेनार्डे गेंटच्या दक्षिणेला, ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. टूर ऑफ फ्लँडर्स ही बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली, १९१३ साली सुरू झालेली सायकल शर्यत २०१२ पासून इथे संपते. शर्यत बघायला एप्रिलात जगभरातून लोक येतात, पण तेच रस्ते वर्षभर तुमच्याआमच्यासाठी मोकळे असतात. त्यांवर निळा, लाल आणि पिवळा असे तीन लूप आखून पाट्या लावल्या आहेत. निळा ७८ किलोमीटरचा, शर्यतीचे शेवटचे नावाजलेले चढ घेणारा. तिकीट नाही, नोंदणी नाही. आम्ही आइंडहोवनहून गाडीत सायकली टाकून सकाळी पोचलो: मी, नवरा आणि पुण्याहून ऑफिसच्या कामाला आलेली माझी मैत्रीण.

मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट हा आमचा चढ मोजायचा काटा. त्यामुळे इथल्या डोंगरांची उंची वाचून हसूच आलं होतं. सगळ्यात उंच होटोंड, तोही जेमतेम दीडशे मीटर. याला डोंगर म्हणायचं तर आमच्या अजिंक्यताऱ्याला काय म्हणायचं? पण घाटात एकदा लय सापडली की पाय आपोआप फिरत राहतात आणि डोकं मोकळं असतं. इथे लय सापडूच देत नाहीत. चढ पाचशे मीटरचा, तो संपतो न संपतो तोच अरुंद वळणाचा उतार, मग शेतातला रस्ता, मग पुन्हा भिंत. आणि खाली दगड.

त्या दगडांबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण या रूटची सगळी मजा आणि सगळी सजा त्यातच आहे. लादीपावाची लादी डोळ्यांसमोर आणा: प्रत्येक पाव वरून फुगीर आणि दोन पावांमध्ये खाच. रस्ता तसा आहे, फक्त दगडाचा. सायकल हळू चालवलीत तर चाक प्रत्येक खाचेत उतरतं आणि प्रत्येक दगडावर नव्याने चढतं. वेग असेल तर ते वरच्यावर निघून जातं. म्हणून सपाट कॉबल्सवर (या रस्त्यातल्या दगडांना कॉबल्स म्हणतात) जड गिअर लावायचा, बूड सीटवर टेकलेलं ठेवायचं आणि हँडल नुसतं आधाराला धरायचं. घट्ट धरलंत की धक्का मनगटातून थेट खांद्यात. रस्त्याचा मधला उंचवटा कडेपेक्षा बरा असतो. टायर २८ मिलिमीटरचे तरी हवेत, ३२ चे असतील तर उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा बरीच कमी. मैत्रिणीने सायकल भाड्याने घेतली होती. दुकानदाराने पंचविसाचे टायर दगडासारखे टणक भरून दिले आणि वर ‘ठीक आहे’ म्हणाला. पहिल्याच कॉबल्सवर तिची पाण्याची बाटली उडून बिटाच्या शेतात गेली. भाड्याची सायकल घेणार असाल तर टायरची रुंदी आधी विचारा आणि हवा स्वतः बघा.

पहिला मोठा चढ औडे क्वारेमाँट. २.२ किलोमीटर, सुरुवातीला डांबर आणि नंतरचा दीडेक किलोमीटर दगड. सरासरी चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एक टप्पा अकराच्या पुढे जातो आणि तो नेमका कॉबल्सच्या सुरुवातीला येतो. गाव लागलं की चढ सौम्य होतो आणि आपल्याला वाटतं, झालं. झालेलं नसतं. गावानंतरचा लांबलचक रस्ता दिसतो सपाट, पण चढतच असतो आणि उघड्या माळावरचा वारा समोरून येतो. २०२३ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने इथेच शेवटच्या फेरीत सगळ्यांना मागे टाकलं. तो वेग टीव्हीवर बघताना फक्त वेग वाटला होता. त्या दगडांवर बसून गेल्यावर तो अमानुष वाटतो. शर्यत सुरू करणाऱ्या कारेल व्हान वाइनेंडालचं स्मारकही इथेच आहे. थांबायला चांगलं निमित्त.

क्वारेमाँटवरून उतरलं की लगेच उजवीकडे काटकोनात वळण आणि समोर पातरबेर्ख. साधारण ३६० मीटर. सरासरी तेरा टक्क्यांच्या आसपास, कमाल वीस. वळणावर वेग मरतो, म्हणून गिअर वळणाआधीच हलका करून ठेवा. इथली गोष्ट अशी सांगतात, की एका शेतकऱ्याला शर्यत आपल्या दारावरून जावी असं फार वाटे, म्हणून घराजवळच्या उभ्या वाटेवर त्याने दगड बसवून घेतले. १९८६ पासून शर्यत खरोखरच तिथून जाते. आपल्याकडे लोक दारावरून पालखी जावी म्हणून आस धरतात, ते मला समजतं, म्हणून हेही समजलं. नवरा न थांबता वर पोचला. मग दहा मिनिटं तो काहीही बोलला नाही, हे मला दिवसातलं सगळ्यात मोठं यश वाटलं.

कोप्पेनबेर्ख मात्र वेगळंच प्रकरण. सहाशे मीटर, कमाल बावीस टक्के, दोन्ही बाजूंना उंच बांध आणि वर झाडांचं छत. ऊन पोचत नाही, त्यामुळे आदल्या दिवशीचा पाऊस दगडांवर दुसऱ्या दिवशीही असतो. उभं राहून पेडल मारलं तर मागचं चाक घसरतं. बसून मारलं तर पुढचं उचलायला बघतं. समोरच्याने पाय टेकला की मागच्या सगळ्यांचा खेळ संपला, कारण बाजूने जायला जागाच नाही. १९७६ साली हा चढ शर्यतीत पहिल्यांदा आला तेव्हा एडी मेर्क्ससारख्या बेल्जियन दिग्गजालाही सायकल हातात धरून चालावं लागलं. १९८७ मध्ये येस्पर स्किबी इथे पडला आणि शर्यतीच्या संचालकांची गाडी त्याच्या सायकलवरून गेली. त्यानंतर हा चढ बाद झाला तो २००२ पर्यंत. २०२४ ला पावसात मोजके गडी सोडले तर अख्खा जथा चालत होता आणि डच सायकलपटू माथ्यू व्हान डर पूल एकटा पुढे निघून गेला. तेव्हा इथे पाय टेकल्याची लाज बाळगायचं कारण नाही. मी सर्वांत उभ्या टप्प्यात टेकला. पण त्या चढावर पुन्हा सायकलवर बसून निघणं अशक्य आहे, हे आधी माहीत असलेलं बरं. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट घालून ओल्या दगडांवर चालणं हे सायकलिंगपेक्षा अवघड. पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांहून जड गिअर घेऊन इथे येऊ नका.

यापुढचं थोडक्यात. स्टेनबेकड्रिस आणि मारियाबोरेस्ट्राटचे कॉबल्स चढापेक्षा लांबीने छळतात. खरी भीती स्टेशनबेर्खच्या दगडी उताराची. ब्रेक दाबला तर चाक नाचतं आणि सोडला तर आपण नाचतो. हात हँडलच्या खालच्या वळणावर, एक बोट ब्रेकवर आणि नजर लांब, एवढंच. टायनबेर्खला उजव्या कडेला गटाराची गुळगुळीत पट्टी आहे. तीन वेळा ही शर्यत जिंकलेला टॉम बोनेन तिच्यावरूनच हल्ला करायचा, म्हणजे अचानक वेग वाढवून इतरांना मागे टाकायचा. आम्हीही तिच्यावरूनच गेलो, हल्ला वगैरे न करता.

आता तो अर्धा गुण. रोन्सेजवळ क्रौसबेर्ख आणि होटोंडकडचा काही भाग मोठ्या वाहत्या रस्त्यावर आहे. बाजूने ट्रक जातात आणि दिवसभराची शांतता एकदम तुटते. दुसरं, पाट्या लहान आहेत. ऑगस्टात मका डोक्याएवढा वाढलेला असतो, एखादी पाटी त्यामागे गेली की फाटा चुकतो. फोनवर ट्रॅक ठेवाच. चुकलात तरी घाबरू नका, फ्लँडर्सभर सायकलींसाठी क्रमांक दिलेल्या जोडबिंदूंचं, म्हणजे वाटा एकमेकींना मिळतात त्या ठिकाणांचं जाळं आहे. ही कल्पना बेल्जियमच्याच लिम्बुर्गमधल्या एका खाण अभियंत्याची. नंबर बघत बघत कुठूनही परत येता येतं. आम्हीही होटोंडनंतर निळ्या पाट्या सोडल्या आणि नंबरांवरून पुन्हा क्वारेमाँट–पातरबेर्ख गाठला, कारण शर्यतीचा शेवट तसाच आहे आणि मैत्रिणीचा हट्टही तसाच होता. “एवढ्या लांब आलेय मी, एकदाच काय!” दुसऱ्यांदा ती पातरबेर्ख बसून चढली. टायरमधली हवा तोवर कमी केली होती, हे नोंदवून ठेवते.

पाण्याचं नियोजन करा. वाटेत दुकानं फार नाहीत आणि रविवारी आहेत तीही बंद सापडतात. इथले सायकलवाले दफनभूमीतल्या नळावर बाटल्या भरतात. नळावर पिण्यायोग्य नसल्याची खूण नाही ना, एवढं बघून आम्हीही भरल्या. खाण्याला खिशात चिक्की आणि सातारी कंदी पेढे होते. पेढा म्हणजे साखर आणि दूध, बाजारातल्या सायकलवाल्यांच्या कुठल्याही एनर्जी जेलपेक्षा मला तो बरा वाटतो. फक्त उन्हात मऊ होतो, तेव्हा पहिल्या दोन तासांत संपवा.

मोसम मे ते सप्टेंबर. शरदात बीट आणि बटाटे काढणीला आले की ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल आणतात आणि चिखलाखालचा कॉबल म्हणजे साबण. हे कुणी सायकलींसाठी राखून ठेवलेले रस्ते नाहीत, रोजच्या शेतीचे आहेत. ट्रॅक्टर आला तर बाजूला व्हायचं आपणच.

दुसऱ्यांदा पातरबेर्ख उतरलात की औडेनार्डे तेरा किलोमीटर. सगळं सपाट, बहुतेक वेळा वारा तोंडावर. गावात शर्यतीचं संग्रहालय आहे आणि त्याला जोडून खाण्यापिण्याची जागा. तिथे क्वारेमाँट नावाचीच बिअर मिळते, ६.६ टक्क्यांची, म्हणजे चढाच्या सरासरीपेक्षा जास्त. गाडी नवरा चालवणार होता म्हणून तो लिंबूपाण्यावर राहिला. संग्रहालय बंद होण्याआधी तासभर हाताशी ठेवा, जुन्या लोखंडी सायकली बघून आपल्या गिअरबद्दल तक्रार करायची हिंमत होत नाही. महिलांची शर्यत २००४ मध्ये सुरू झाली आणि लोटे कोपेकी या बेल्जियन बाईने ती २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीनदा जिंकली. तिच्यासाठी एक अख्खी भिंत द्यायला हवी, असं माझं मत. चौकातली नगरपालिकेची सोळाव्या शतकातली इमारत बाहेरून तरी बघा.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. फोटोंत दिसणारी ती टेकडीवरच्या चॅपेलची वळणदार दगडी वाट, म्हणजे खेरार्ड्सबेर्खनची मूर, या निळ्या लूपवर नाही. ती पूर्वेला आहे, पूर्वी शर्यत मेअरबेके गावात संपायची तेव्हा कोण जिंकणार ते बहुतेकदा या मूरवरच ठरायचं. दोन्ही एका दिवसात जोडता येतील, पण आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांनी वेगळा दिवस काढावा. त्या गावात दुधाच्या चोथ्याचा मत्तेनटार्ट नावाचा गोड पदार्थ मिळतो. मैत्रीण पुढच्या वर्षी पुन्हा येते आहे, तेव्हा आधी टार्ट की आधी मूर यावर आमचा वाद आत्ताच सुरू झाला आहे. नवऱ्याचं म्हणणं, टार्ट नंतर. मी आधीच्या बाजूने.