जुनी ॲपलेट पुन्हा चालवणारं चीअरपीजे

लातूर-नांदेडच्या कॉलेजांत प्रॅक्टिकलची जुनी जावा ॲपलेट (वेबपानात चालणारे छोटे जावा प्रोग्राम) पडून असतील तर पुसू नका. क्रोमनं 2015 मध्ये, फायरफॉक्सनं 2017 मध्ये जावा प्लगइनचा आधार काढला. चीअरपीजे हे साधन ॲपलेटची तीच जार फाइल (जावा प्रोग्रामचं गाठोडं) ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्ट आणि वेबअसेम्ब्लीवर (ब्राउझर थेट चालवतो तो कोड) चालवतं. लॅबच्या मशीनवर जावा टाकायची गरजच नाही, हे फार मोलाचं. पानात चीअरपीजेच्या लोडरची स्क्रिप्ट जोडा, त्याचं सुरुवातीचं इनिट फंक्शन बोलवा, ॲपलेट टॅगच्या जागी ‘चीअरपीजे-ॲपलेट’ टॅग लिहा. डबल क्लिकनं पान उघडून भागत नाही, लोकल सर्व्हर (त्याच मशीनवरून पान पुरवणारा प्रोग्राम) लागतोच. पायथनचा साधा सर्व्हर मात्र टाळा: फाइलचा तुकडा मागितला तरी तो अख्खी फाइल पाठवतो, आणि चीअरपीजेला तुकडेच हवेत. पहिलं लोडिंग सावकाश होतं. नेट जेमतेम असेल तर तास सुरू होण्याआधीच पान उघडून ठेवा.